उद्यापन नसलेले व्रत

माणसाचे वजन करण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. नवे आहे ते तिचे प्रयोजन. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाच्या प्रसंगी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नवस फेडताना लहान मुलाला गुळाच्या किंवा साखरेच्या भारोभार तोलावे आणि तो गूळ देवळात वाटून टाकावा, ही चाल तर देशावर काय नि कोकण-गोव्यात काय, अजून चालू आहे. या तुलांमध्ये पारड्यात बसलेल्याचे वजन दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात दान होऊन पडे. मूल जितके भरदार तितका गूळ अधिक, आणि तितकाच आनंदही अधिक. पुढे मोठ्या रेल्वे स्थानकांवर रंगीत दिव्यांची वजनयंत्रे आली. नाणे टाकले की जाड कागदाचे तिकीट बाहेर येई. त्यावर वजन असे आणि भविष्यही असे. भविष्य बहुधा चांगलेच निघे. त्या यंत्राचा एक गुण आज विशेष आठवतो. तिकीट हातात दिल्यावर ते यंत्र आपल्याला विसरून जाई.

खिशातल्या स्मार्टफोनमधले आरोग्याचे ॲप विसरत नाही. सकाळी काट्यावर उभे राहिलात की आकडा त्याच्या वहीत चढतो. दुपारी काय जेवलात ते त्याला सांगावे लागते. संध्याकाळपर्यंत किती पावले चाललात हे ते न विचारताच जाणते. आणि दोन दिवस तुमच्याकडून काही कळले नाही तर आपण होऊन हाक मारते. बंगळूर येथे २०१२ साली सुरू झालेल्या ‘हेल्दीफायमी’सारख्या उद्योगांनी ही मोजदाद भारतीय ताटापर्यंत, म्हणजे पोळी, वरण, इडली यांच्या उष्मांकांपर्यंत, आणून पोचवली. सोय म्हणून यात वावगे काही नाही. पण माणसाने आपल्या भुकेवरची देखरेख वर्षानुवर्षे एखाद्या यंत्राकडे सोपवावी काय, आणि असे यंत्र घडवणाऱ्याने ते कोणत्या कर्तव्यबुद्धीने घडवावे, हा प्रश्न सोयीच्या कक्षेतला नाही. तो नीतीचा आहे, आणि वरवर दिसतो तितका क्षुल्लकही नाही.

प्रथम ॲपकर्त्यांच्या बाजूची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वजन उतरवणे आणि उतरलेले वजन टिकवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि दुसरे पहिल्याहून कितीतरी कठीण आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पन्नास स्थूल स्त्रीपुरुषांना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांच्या आहारावर ठेवले होते. वजन उतरले; परंतु भूक चेतवणारे आणि तृप्ती देणारे जे स्राव शरीरात असतात, त्यांचा ढळलेला तोल एक वर्ष उलटले तरी पूर्ववत् झालेला नव्हता. शरीर गमावलेल्या चरबीचा हिशेब मनाला न विचारता ठेवत असते आणि संधी मिळताच वसुली करते. म्हणजे ज्याला आपण ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून हिणवतो, तो पुष्कळदा आपल्याहून अधिक भूक सोसत असतो. हे ज्याला समजले तो स्थूल माणसाला आळशी म्हणणार नाही. आणि अशा माणसाला दीर्घकाळ, कदाचित जन्मभर, कोणाची तरी सोबत लागते हेही नाकारणार नाही. अमेरिकेत १९९४ पासून ज्यांनी वजन उतरवून टिकवले अशांची एक नोंदवही ठेवली जाते. तीत नाव घातलेल्यांपैकी बहुसंख्य लोक आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभे राहतात. मोजणे ही गोष्ट सरसकट टाकाऊ आहे असे म्हणणाऱ्याला या माणसांना उत्तर द्यावे लागेल.

तेव्हा मोजणे हा दोष नव्हे. दोष शोधायचा तर मोजण्याच्या रीतीत शोधला पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या घरातलेच एक माप हाताशी आहे. आहारावरच्या दीर्घ नियमनाला आपण व्रत म्हणतो. सोळा सोमवार असोत, चातुर्मासात सोडलेले एखादे अन्न असो, की ख्रिस्ती घरातला करेज्माचा चाळीस दिवसांचा संयम असो, या सर्वांची घडण एकसारखी आहे. आरंभी संकल्प, मध्ये नियम आणि अखेरीस उद्यापन. करेज्माच्या शेवटी ईस्टर. संकल्प ज्याचा त्याने उच्चारायचा असतो. नियमाची मोजदाद ज्याची त्याने ठेवायची असते; देव पाहतो अशी श्रद्धा असली तरी तो रात्री नऊ वाजता आठवण करून देत नाही. आणि व्रताला अपवादही आहेत. आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, लेकुरवाळीला सूट आहे. औषध घेतल्याने किंवा गुरूच्या शब्दाखातर केलेल्या फेरफाराने व्रत मोडत नाही, असे धर्मशास्त्र सांगते. ज्यांनी हे नियम रचले त्यांना माणसाचा ताप, प्रवास आणि पाहुणे ठाऊक होते.

ॲपातही संकल्प असतो आणि नियम असतो. सलग किती दिवस नोंद केली त्याची साखळी असते, आणि ती तुटली की आजवरचे सारे शून्यावर येते. घरात मृत्यू घडला म्हणून साखळी तुटली की लग्नातल्या पंगतीमुळे, हा विवेक तिला नाही. पण याहून मोठे उणे निराळेच आहे. या व्रताला उद्यापन नाही. आता पुरे, आता तुझे तुला जमेल, असे ते यंत्र कधी म्हणत नाही. कारण ज्या क्षणी ते तसे म्हणेल त्या क्षणी पुढल्या महिन्याची वर्गणी थांबेल. येथे कोणाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. मासिक वर्गणीवर चालणाऱ्या धंद्याचे सुख तुम्ही येत राहण्यात आहे आणि तुमचे सुख, निदान काही अंशी, तुम्ही तेथून निघून जाण्यात आहे. शिष्याला कायमचा वर्गात बसवून ठेवणाऱ्या गुरूला आपण काय म्हटले असते?

मोजणीचे आकडे तरी कोठून येतात, तेही पाहण्यासारखे आहे. दिवसाला दहा हजार पावले हा जो मंत्र आज प्रत्येक मनगटावर चमकतो, तो कोणा वैद्याच्या चिंतनातून निघालेला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमधल्या एका कारखान्याने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले आणि त्याचे नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, असे ठेवले. जाहिरातीसाठी सुटसुटीत असा तो आकडा पुढे आरोग्याचा नियम होऊन बसला. चालणे हितकारक आहे यात शंका नाही. पण साडेसात हजार पावले चालून घरी आलेला गृहस्थ रात्री अंगणात अडीच हजारांची भरपाई करीत येरझारा घालू लागला, तर तो आरोग्यासाठी चालतो आहे की आकड्यासाठी? पिट्सबर्ग येथे झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची हकीकत अधिक बोलकी आहे. वजन उतरवू पाहणाऱ्या तरुण स्त्रीपुरुषांचे दोन गट करण्यात आले. आहार आणि व्यायाम यांचे मार्गदर्शन दोघांनाही होते. सहा महिन्यांनंतर एका गटाला अंगावर बांधण्याचे मोजणी-यंत्र देण्यात आले, दुसऱ्याने आपली नोंद आपण ठेवायची होती. दोन वर्षांच्या अखेरीस यंत्रवाल्यांचे वजन सरासरीने साडेतीन किलो उतरले होते, आणि बिनयंत्रवाल्यांचे जवळजवळ सहा किलो. एका प्रयोगावरून सर्व यंत्रे निरुपयोगी ठरत नाहीत. परंतु लक्ष ठेवण्याचे काम दुसऱ्याकडे गेले की आपले लक्ष कमी होते, हा जो घरोघरीचा अनुभव आहे, त्याला बाधक असे या प्रयोगात काही नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो सबळ आहे. मधुमेही मनुष्य इन्सुलिनचे उद्यापन करतो काय? स्थूलता हा जर जुनाट विकार असेल तर त्यावरची उपाययोजनाही जन्माची असणार. मग ॲपकडूनच निरोपाची अपेक्षा कशासाठी? आक्षेप बरोबर आहे. मात्र त्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. काळजीला अंत नसावा हे मान्य. पाळतीला तो असला पाहिजे. गांधीजींनी १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात, दिवसभरात पाचांहून अधिक पदार्थ खाणार नाही, असे व्रत घेतले. त्या व्रताला उद्यापन नव्हते. तरी त्यांना कोणी त्या व्रताचे कैदी म्हटले नाही, कारण मोजणारी बोटे त्यांची स्वतःची होती आणि ती पाच बोटे मोजायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. दीर्घकाळासाठी ॲप घडवायचे तर मोजणी हळूहळू माणसाच्या स्वतःच्या बोटांवर यावी, हा त्याचा हेतू असायला हवा. रोजची नोंद आठवड्यावर जावी, आठवड्याची महिन्यावर. आरंभी उष्मांक सांगणाऱ्या यंत्राने पुढे माणसालाच अंदाज विचारावा आणि तो जवळपास बरोबर येऊ लागला की गप्प बसावे. वजन पुन्हा चढू लागल्यास त्या माणसानेच हाक मारावी आणि दार उघडे असावे. दक्षिणेविषयी म्हणाल, तर आपल्याकडे ती उद्यापनालाच देण्याची रीत आहे. व्यापारशास्त्राचे पंडित यावर हसतील. त्यांनी खुशाल हसावे. पण ग्राहक निघून गेला म्हणजे अपयश, अशी व्याख्या करणाऱ्या धंद्याला आरोग्याचे नाव लावण्यापूर्वी त्यांनी थोडे थांबावे.

येथवरची चर्चा शहरातल्या, पोटभर जेवणाऱ्या माणसाविषयी झाली, आणि ती तेवढ्यावर सोडली तर अर्धीच राहील. फोनवर वजन नोंदवले जाणारे मनुष्य केवळ वर्गणी भरणारेच असते असे नाही. यासाठी वाचकांना जरा दूर, बैहरला यावे लागेल. बैहर हे मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे तहसिलीचे गाव. मैकलच्या डोंगररांगांतले, सालवनांच्या मुलखातले. कान्हाच्या अभयारण्याचे मुक्की हे द्वार याच बाजूला आहे आणि मलाजखंडची तांब्याची खाणही याच अंगाला. मराठी वाचकाला हा मुलूख अगदी परका नसावा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात नांदत होते, आणि गोंदियाचा बाजार आजही बालाघाटकराला जवळचा आहे. बैहरच्या भोवतालच्या खेड्यांतून गोंड आणि बैगा लोकांची वस्ती आहे. त्यांचे जुने धान्य कोदो-कुटकी, आणि जुने अन्न पेज.

‘पेज’ हा शब्द वाचून गोमंतकातला वाचक थबकेल. त्याच्या घरी उकड्या तांदळाची, खाऱ्या लोणच्याच्या फोडीबरोबर खाल्ली जाणारी जी पेज, तिचेच नाव हजार किलोमीटरांवरच्या सालवनात कोदोच्या किंवा मक्याच्या पातळ आंबिलीसारख्या अन्नाला आहे. आता ॲपाच्या यादीत ही पेज कशी बसवावी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली पाचशेहून अधिक भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. ते मोलाचे काम आहे, आणि कोदोच्या दाण्यात काय असते ते अशा कोष्टकांवरून कळू शकते. परंतु पेजेत किती दाणे आणि किती पाणी, हे कोष्टकाला कसे कळावे? सुगीत ती दाट असते आणि पावसाळ्यात कोठी रिकामी होऊ लागली की पातळ होते. लोटा तोच, नाव तेच, आत फक्त पाणी वाढलेले. ‘एक वाटी पेज’ असे नोंदवल्यावर यंत्र जो आकडा दाखवील तो गणिताने बिनचूक असेल आणि त्या घराविषयी त्यातून काहीच कळणार नाही. पणजीतल्या मधुमेह्याने पथ्य म्हणून घेतलेली पेज आणि बैहरजवळच्या पाड्यावर दुसरे काही नाही म्हणून घेतलेली पेज, या दोन जेवणांत जे अंतर आहे ते उष्मांकांचे नाही.

त्या पाड्यावरही स्मार्टफोन पोचला आहे. तो अंगणवाडी सेविकेच्या हातात असतो. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीत मुलांची वजने घेतली जात आहेत. २०२१ च्या मार्चपासून ती ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपात भरली जातात. मुलाला काट्यावर ठेवायचे, उंची मोजायची, आकडे भरायचे. मग ते मूल ठीक आहे, मध्यम कुपोषित आहे की तीव्र कुपोषित, हे यंत्र सांगते. दीर्घकाळ वजनावर नजर ठेवणारे देशातले एक मोठे ॲप हेच आहे, आणि ते चरबीसाठी नव्हे तर तिच्या अभावासाठी घडवलेले आहे. वजन-नियंत्रणाच्या ॲपांविषयी लिहिणारे याचा उल्लेख सहसा करीत नाहीत. जणू काही उतरलेले वजन आणि न चढलेले वजन यांची मोजणी दोन वेगळ्या जगांत चालते.

पण या दोन फोनांची तुलना केली की एक विलक्षण भेद दिसतो. अंगणवाडीच्या फोनवर चढलेला आकडा हा दावा असतो. हे मूल हलके आहे, म्हणून कोणीतरी काहीतरी देणे लागतो: आहार, औषध, दवाखान्याची खाट. जुन्या तुलेशी याचे नाते आहे. पारड्यातल्या जिवाचे वजन दुसऱ्याचे कर्तव्य ठरवते. शहरातल्या फोनवर चढलेला आकडा मात्र आरोप असतो, आणि आरोपी एकटाच असतो. तू जास्त खाल्लेस, तू कमी चाललास. तेथे रस्त्याला पदपथ नाही, कामाचे तास बारा आहेत, तेल आणि साखर घातलेले पुडके फळापेक्षा स्वस्त आहे, यांपैकी एकाही गोष्टीची नोंद करायला रकाना नसतो. एकाच काट्याच्या आकड्याला एका ठिकाणी समाज उत्तरदायी आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ व्यक्ती, हे कोणी ठरवले? आणि उलटही तपासायला हवे. अंगणवाडीचा आकडा दावा म्हणून जन्मला तरी तो वर पोचेपर्यंत दावाच राहतो काय? आकडा वर चढला म्हणजे आहार खाली उतरलाच असे नाही. भरणारी सेविका, तिच्यावरची पर्यवेक्षिका, जिल्ह्याचा तक्ता, अशा पायऱ्या चढता चढता त्या आकड्याचे काम ‘किती टक्के नोंदणी झाली’ एवढे सांगण्यापुरते उरण्याचा धोका असतो. आणि मग शेवटी विचारणा होते ती त्या आईकडेच, की पोराला नीट का भरवत नाहीस. दावा फिरून आरोप होतो. पातळ पेजेची हकीकत तेव्हा कोणी विचारीत नाही.

हे दोन फोन दोन जगांत नाहीत याचा पुरावा पुण्यात मिळतो. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तेथली नवजात बालके इंग्लंडमधल्या बालकांपेक्षा वजनाला बरीच कमी, सरासरी २.७ किलोच्या आसपास, तिकडची साडेतीन. पण ही हलकी बाळे सर्वांगांनी सारखी हलकी नव्हती. स्नायू कमी होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. गर्भात उपासमार सोसलेले शरीर चरबी जपून ठेवते, आणि पुढे अन्न मुबलक झाले की मधुमेहाकडे लवकर वळते, असा या संशोधनाचा रोख आहे. २००४ साली याज्ञिकांनी इंग्लंडमधले आपले सहकारी जॉन युडकिन यांच्यासह एक छोटे टिपण ‘लॅन्सेट’मध्ये दिले. दोघांचे छायाचित्र, आणि दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ज्याला बीएमआय म्हणतात, तो अगदी एकच: २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःचे शरीर पुरावा म्हणून मांडावे यात एक प्रसन्न विनोद आहे. पण त्यातला मुद्दा गंभीर आहे. केवळ वजनावर बोट ठेवणारे यंत्र या दोघांना एकच शाबासकी देईल.

आता बैहरकडे पुन्हा पाहा. आज अंगणवाडीच्या काट्यावर हलके भरलेले मूल उद्या नागपूरला किंवा पुण्याला किंवा मडगावला कामाला जाईल. खुर्चीवरचे काम असेल, पुडक्यातले खाणे असेल. चाळिशीला त्याच्या खिशातले ॲप उंची आणि वजन विचारून त्याला हिरवा रंग दाखवील, आणि त्याच वेळी त्याच्या रक्तातली साखर चढत असेल. पहिल्या फोनला दुसऱ्याचे काही ठाऊक नाही, दुसऱ्याला पहिल्याचे नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के, आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे एकोणीस टक्के उंचीच्या मानाने कृश, तर चोवीस टक्के स्थूल आहेत. हे आकडे शेजारी ठेवून वाचले म्हणजे कळते की ‘वजन कमी कसे करावे’ आणि ‘वजन वाढत का नाही’ हे पुष्कळ घरांत एकाच प्रश्नाचे दोन पिढ्यांतले उच्चार आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य मानलेल्या आठ देहप्रकारांची चर्चा आहे. त्यांतून अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांना एकत्र घेऊन त्यांचाच विस्तार केला आहे. त्याच ग्रंथात आहाराची मात्रा ज्याच्या त्याच्या अग्नीच्या बळावर अवलंबून असते असेही सांगितले आहे. त्या काळचे शरीरशास्त्र आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. परंतु सर्वांना एकच माप लावू नये, हे त्यातले तारतम्य यंत्र घडवणाऱ्यांनी उसने घ्यायला हरकत नाही.

मुलांच्या बाबतीत तर या तारतम्याची निकड अधिकच आहे. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांपासून पुढे वजन-नियंत्रणासाठी ‘कर्बो’ नावाचे ॲप चालवले जात होते. आईबापांच्या रीतसर संमतीवाचून लहान मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल २०२२ साली तेथील व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली. पंधरा लक्ष डॉलर दंड झाला, आणि ती माहितीच नव्हे तर तिच्या आधारे तयार झालेली गणिते सुद्धा नष्ट करण्याचा आदेश निघाला. गणिते नष्ट करावीत, ही कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. मुलाने कोणत्या दिवशी चोरून बिस्कीट खाल्ले, यावरून शिकलेले शहाणपण कंपनीजवळ राहू नये, हे एका सरकारी आयोगाला उमगले. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि त्यात दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. पण हक्क बजावायला आधी आपली नोंद कोठे आहे हे ठाऊक असावे लागते. बैहरच्या खेड्यातल्या आईला आपल्या मुलाच्या वजनाचा आलेख तिच्या मुलाच्या नावाने कोठे साठला आहे हे कोणी सांगितले आहे काय, आणि तो तिला पाहता येतो काय?

या संदर्भात एका जुन्या कागदाची आठवण द्यावीशी वाटते. डेव्हिड मॉर्ले नावाचे इंग्रज बालवैद्य १९५० नंतरच्या दशकात नायजेरियातल्या खेड्यांत काम करीत होते. त्यांनी मुलांच्या वजनाचा एक साधा तक्ता तयार केला. पुढे तो जगभर गेला, आणि आपल्या अंगणवाड्यांतले हिरवे-पिवळे-नारंगी पट्ट्यांचे तक्ते त्याच कुळातले आहेत. त्या तक्त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, त्यात एखाद्या दिवशीच्या आकड्याला फारसा मान नव्हता. महिन्यामागून महिना मांडलेल्या ठिपक्यांची रेघ कोणीकडे चालली आहे, वर की आडवी की खाली, एवढे पाहायचे असे. निरक्षर आईलाही ती रेघ वाचता येई. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तो तक्ता दवाखान्याच्या कपाटात राहत नसे. आई तो घरी नेई, जपून ठेवी, आणि पुढल्या वेळी स्वतः घेऊन येई. मूल कोणाचे, आणि म्हणून नोंद कोणाची, याबद्दल त्यात संभ्रम नव्हता.

आज आपल्याकडेही माता-बालकाचे कार्ड असते आणि त्यात वाढीचा आलेख छापलेला असतो. फोन आल्यानंतर तो भरण्याचा उत्साह ठिकठिकाणी किती राहिला आहे, हे प्रत्येकाने आपल्या गावच्या अंगणवाडीत जाऊन पाहण्यासारखे आहे. सेविकेला दोन्हीकडे लिहायला लावणे हा तिच्यावर अन्याय होईल, हे खरे. तेव्हा यंत्रालाच असे घडवावे की वजन भरल्याबरोबर ती रेघ आधी आईला दाखवल्यावाचून ते पुढे सरकणार नाही. आणि महिन्याच्या नोंदीत पर्यवेक्षिकेसाठी जसे रकाने असतात तसा एक रकाना आईच्या सांगण्यासाठीही असावा. त्यात ती सांगेल की या महिन्यात पेज पातळ होती.